गिअरबॉक्स ‘गेला’ म्हणण्यापूर्वी...

सातारा/सांगली, प्रतिनिधी

सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षे निमूट चालणारी मोटार घाटात मात्र आपले दुखणे लपवू शकत नाही. वाईहून पाचगणीकडे निघालेल्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे इंजिन पसरणी घाटाच्या चढावर एकाएकी मोठ्याने आवाज करू लागते. पण गाडीचा वेग काही वाढत नाही. कधी गिअर बदलताना जोराचा धक्का बसतो, तर कधी ‘डी’मध्ये दांडा टाकूनही गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही. अशी गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर बहुधा एकच निदान ऐकू येते, ‘गिअरबॉक्स गेला’. हे निदान खरेही असू शकते. मात्र अनेक वेळा दोष तेलाचा, वायरीचा, बॅटरीचा किंवा एखाद्या लहानशा सेन्सरचा असतो आणि वाहनधारक संपूर्ण गिअरबॉक्स उघडण्याच्या खर्चाला विनाकारण सामोरा जातो.

एमएच ११, एमएच १० आणि एमएच ५०, म्हणजे सातारा, सांगली आणि कऱ्हाडच्या क्रमांकाच्या गाड्यांमध्ये आता दहा-पंधरा वर्षे वयाच्या ऑटोमॅटिक मोटारीही दिसू लागल्या आहेत. पुण्या-मुंबईत वापरलेली गाडी स्वस्तात मिळते, घरातील ज्येष्ठांना किंवा गुडघेदुखीने त्रस्त असलेल्यांना क्लच दाबावा लागत नाही, म्हणून ती घेतली जाते. अशा गाडीचा गिअरबॉक्स पूर्ण उघडून दुरुस्त करण्याचा खर्च कधी कधी गाडीच्या बाजारभावाशीच स्पर्धा करू लागतो. त्यामुळे निदान कोणत्या क्रमाने करावे, हा प्रश्न केवळ मिस्त्रीचा न राहता गाडीमालकाच्या खिशाचाही होतो. स्वस्त आणि सोप्या तपासण्या आधी, खर्चिक तपासण्या नंतर आणि गिअरबॉक्स उघडणे सर्वांत शेवटी, हा तो क्रम होय.

गाडी कोणत्या जातीची?

‘ऑटोमॅटिक’ हा एकच शब्द आपण वापरत असलो, तरी त्यामागे चार निरनिराळ्या यंत्रणा आहेत. पहिली आणि सर्वांत जुनी यंत्रणा टॉर्क कन्व्हर्टरची. अमेरिकेतील जनरल मोटर्सने ओल्डस्मोबाईलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये ‘हायड्रामॅटिक’ नावाचा गिअरबॉक्स दिला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स म्हणून तो ओळखला जातो. त्यात तेलावर चालणारे साधे कपलिंग होते. पुढे त्याची जागा टॉर्क कन्व्हर्टरने घेतली. आपल्याकडे १९९० च्या दशकातील तीन गिअरची मारुती झेन ऑटोमॅटिक, पुढील काळातील चार गिअरच्या ह्युंदाई आय-१० आणि मारुती ए-स्टार, तसेच २००८ नंतरची पाच गिअरची होंडा सिटी या गाड्या या जातीच्या.

दुसरी यंत्रणा सीव्हीटीची. यात ठरावीक गिअरच नसतात. दोन पुलींवरून पोलादी पट्टा फिरतो आणि पुलींची रुंदी कमी-जास्त होऊन वेगाचे प्रमाण बदलते. २००३ मध्ये भारतात आलेल्या दुसऱ्या पिढीच्या होंडा सिटीत ही यंत्रणा होती. तिसरी एएमटी. ही खरे तर नेहमीचीच हाताच्या गिअरची पेटी असते. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओमधून ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. चौथी यंत्रणा दोन क्लचची. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि फोर्ड इकोस्पोर्टच्या काही मॉडेलमध्ये ती मिळत असे.

हा भेद माहीत असणे महत्त्वाचे आहे, कारण एका जातीचे नेहमीचे वागणे दुसऱ्या जातीत दोष ठरते. गिअर बदलताना क्षणभर थबकणे हा एएमटीचा स्वभाव आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तीच गोष्ट बिघाडाची खूण असू शकते. चौघींचे तेलही वेगळे असते.

तेलच गिअर बदलते

हाताच्या गिअरच्या गाडीत तेलाचे मुख्य काम वंगणाचे असते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मात्र तेल चार कामे करते. इंजिनाची ताकद चाकांकडे पोहोचविण्याचा पहिला टप्पा तेलाचा असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक फिरला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरतो. वाऱ्याच्या जागी तेल आहे अशी कल्पना केली, की टॉर्क कन्व्हर्टरचे तत्त्व ध्यानात येते. दुसरे काम दाबाचे. पंपाने दाबलेले तेल बारीक वाटांनी जाऊन क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळते आणि त्यातून गिअर पडतो. तिसरे काम वंगणाचे व चौथे उष्णता वाहून नेण्याचे.

कोणत्या क्षणी कोणत्या वाटेने तेल सोडायचे, हे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा भाग ठरवितो. झेनच्या काळातील गाड्यांत हे काम बव्हंशी तेलाचा दाब आणि अॅक्सिलरेटरला जोडलेली केबल यांवर चाले. पुढच्या गाड्यांत संगणक सेन्सरकडून वेग, तापमान आणि अॅक्सिलरेटरची स्थिती समजून घेतो व सोलेनॉईड नावाच्या विद्युत झडपा उघडतो किंवा बंद करतो. म्हणजेच गिअर नीट न पडण्याची कारणे तीन ठिकाणी असू शकतात. ती तेलात, विजेच्या यंत्रणेत किंवा क्लच-गिअरसारख्या प्रत्यक्ष भागांत असतात. पहिल्या दोन ठिकाणचे दोष बहुतेक वेळा पेटी खाली न उतरविता दूर करता येतात.

लक्षणे काय सांगतात?

थंड गाडीत ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर साधारण एक-दीड सेकंदात गिअर पकडल्याची हलकी जाणीव व्हायला हवी. याहून अधिक विलंब होत असेल, तर प्रथम तेल कमी झाल्याचा संशय घ्यावा. आतील रबरी सील कडक झाले असल्यासही असा विलंब होतो.

गिअर बदलतेवेळी इंजिनाचे फेरे एकदम वर जाणे, पण गाडी न ओढणे, म्हणजे क्लच घसरणे. ही गंभीर खूण आहे. तेल भरूनही ती राहिली, तर गाडी पळवीत राहणे म्हणजे उरल्यासुरल्या चकत्या जाळणे होय. याउलट, जोराचा धक्का बसून गिअर पडत असेल, तर तेलाचा दाब नियंत्रित करणारा सोलेनॉईड, चुकीचे तेल किंवा इंजिन व गिअरबॉक्सचे तुटलेले माऊंटिंग यांकडे पाहावे. रबरी माऊंटिंग तुटले असता संपूर्ण इंजिन हलते आणि तो धक्का गिअरबॉक्सचाच वाटतो.

गाडी जागेवरून अतिशय मंद उठते, वेग घेतल्यावर बरी चालते आणि एकच गिअर कायम राहतो, असेही पुष्कळदा आढळते. गिअरबॉक्सच्या संगणकाला दोष जाणवला, की तो पेटीचे संरक्षण करण्यासाठी एकाच गिअरमध्ये, चार गिअरच्या अनेक गाड्यांत तिसऱ्या गिअरमध्ये, अडकून राहतो. पेटी जळाल्याचे हे लक्षण समजू नये. गाडी कशीबशी घरी किंवा गॅरेजपर्यंत पोहोचावी, यासाठी केलेली ती सोय आहे. एखादा बिघडलेला सेन्सरही त्यास कारण होतो.

ताशी पन्नास ते सत्तर किलोमीटरच्या एकसारख्या वेगात, रस्त्यावरील उंच पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच नीट पकडत नाही असे समजावे. जुने तेल हे त्यामागील नेहमीचे कारण. मात्र इंजिनाचा एखादा स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉईल कमकुवत झाल्यावरही नेमकी अशीच थरथर जाणवते. म्हणून गिअरबॉक्सवर ठपका ठेवण्यापूर्वी इंजिन चारही सिलिंडरवर नीट चालते आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

पहिली तपासणी तेलाची

ज्या गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाची स्वतंत्र पट्टी असते, तेथे ही तपासणी घरच्या घरी होते. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून तेल गरम करावे. सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. ब्रेकवर पाय ठेवून दांडा प्रत्येक स्थितीत क्षणभर थांबवीत फिरवावा आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आणावा. बहुसंख्य गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढावयाची असते. होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यानंतर एक ते दीड मिनिटाच्या आत ती पाहावी लागते. पट्टी काढावी, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी. तेल ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये असावे.

तेल कमी असेल, तर ते कुठे गेले हेही शोधले पाहिजे. इंजिनात जळते तसे हे तेल जळून संपत नाही. पातळी उतरली म्हणजे गळती आहे, हे निश्चित. अॅक्सलचे सील, तेलाच्या तळपेटीचे पॅकिंग आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या या तिच्या नेहमीच्या जागा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला, तर सकाळी डाग पडलेली जागा आपोआप कळते. जास्त तेल भरणेही तितकेच घातक. फिरणाऱ्या भागांनी घुसळून त्याचा फेस होतो आणि फेसाळलेल्या तेलाला पुरेसा दाब धरता येत नाही.

पट्टीवरील थेंब पांढऱ्या कागदावर टिपून पाहावा. बहुतेक गाड्यांचे तेल मूळ लाल असते. पारदर्शक लाल तेल उत्तम. तपकिरी झालेले तेल जुने असते. पण त्याला करपल्याचा वास नसेल, तर बदलून काम भागण्याची शक्यता चांगली असते. काळपट, करपट वासाचे तेल क्लचच्या चकत्या जळत असल्याचे सांगते. दुधाळ, गुलाबीसर तेल दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. असे असल्यास इंजिन बंद करून गाडी पुढे चालविण्याचा मोह टाळावा.

अनेक सीव्हीटी आणि दोन क्लचच्या गाड्यांत, तसेच काही नव्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत मालकासाठी तेलाची पट्टीच नसते. तेथे ठरावीक तापमानाला, खालील बोल्ट उघडून पातळी पाहावी लागते. हे काम वर्कशॉपमध्येच करावे.

विजेचे दुखणे

तेल ठीक असेल, तर पुढची पायरी बॅटरीची. सोलेनॉईड व संगणक यांना पुरेसा दाब मिळाला नाही, तर ते विचित्र वागतात. बॅटरीचे टर्मिनल, त्यावरील पांढरा-हिरवा क्षार, तसेच इंजिन आणि बॉडी यांमधील अर्थिंगची पट्टी यांची तपासणी अवघ्या काही मिनिटांत होते. एएमटी गाडीत तर हा मुद्दा कळीचा ठरतो. सेलेरिओसारख्या गाडीचा चालकाकडील दरवाजा उघडताच पुढून ‘घर्र’ असा बारीक आवाज येतो. क्लच दाबण्यासाठी लागणारा तेलाचा दाब तयार करणाऱ्या विद्युत पंपाचा तो आवाज असतो. बॅटरी मरगळली, की हा दाब नीट तयार होत नाही आणि गिअर पडेनासा होतो.

दांडा ‘पी’मधून निघतच नसेल, तर ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का, हे कोणाला तरी पाहावयास सांगावे. दिवे लागत नसतील, तर दोष ब्रेक पेडलजवळील स्विचमध्ये किंवा फ्यूजमध्ये असू शकतो. दांडा सोडण्याची परवानगी हाच स्विच देत असल्याने गिअरबॉक्सचा येथे काही संबंध नसतो. गाडी ‘पी’मध्ये सुरू न होता फक्त ‘एन’मध्ये सुरू होत असेल, तर दांड्याची स्थिती ओळखणारा स्विच किंवा त्याची केबल सरकली असण्याची शक्यता अधिक असते.

त्यानंतर स्कॅनर. बीएस-६ आणि बीएस-४ काळातील अलीकडच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याचे प्रमाणित सॉकेट असते. त्याहून जुन्या गाड्यांना पुष्कळदा त्या-त्या कंपनीचा स्कॅनर लागतो. ‘पी ०७००’ हा संकेतांक केवळ ‘गिअरबॉक्सच्या संगणकात दोष नोंदला आहे’ एवढेच सांगतो. या एका संकेतांकावरून पेटी उतरविण्याचा सल्ला मिळाला, तर थांबावे आणि सोबतचे इतर संकेतांक मागावेत. ‘पी ०७१५’ हा आत येणाऱ्या वेगाच्या सेन्सरकडे, ‘पी ०७५०’ पहिल्या सोलेनॉईडकडे, ‘पी ०७४०’ लॉक-अप क्लचकडे आणि ‘पी ०७३०’ गिअरचे प्रमाण चुकत असल्याकडे बोट दाखवितो. संकेतांक दोषाची गल्ली दाखवितात, घर नव्हे. सेन्सरचा संकेतांक आला, तरी सेन्सरपूर्वी त्याची वायर आणि जोड तपासणे आवश्यक असते. उंदरांनी वायरी कुरतडणे हा प्रकार उसाच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना नवा नाही.

रस्त्यावरील चाचणी

मिस्त्रीला ‘गाडी बरोबर चालत नाही’ असे सांगण्यापेक्षा नेमकी नोंद दिली, तर निदान सोपे होते. सांगली-मिरज पट्ट्यातील एखादा सपाट रस्ता मोकळ्या वेळी निवडावा. शेजारी बसलेल्या व्यक्तीने लिहून घ्यावे. अॅक्सिलरेटर हलका व स्थिर ठेवून गाडीचा वेग साठपर्यंत न्यावा आणि फेऱ्यांचा काटा किती वेळा खाली येतो ते मोजावे. चार गिअरच्या गाडीत तीनदा ठळक आणि त्यानंतर एकदा किंचित, असा काटा उतरावयास हवा. शेवटची ती किंचित उतरण लॉक-अप क्लच लागल्याची. कोणता बदल चुकतो, थंडपणी चुकतो की गरम झाल्यावर, चढावर की सपाटीवर, हे चार मुद्दे लिहिले म्हणजे पुरे. थंडपणी चांगली आणि गरम झाल्यावर घसरणारी गाडी बहुधा तेलाचा दाब कमी पडत असल्याचे सांगते. कारण गरम तेल पातळ होऊन झिजलेल्या सीलमधून निसटते.

ब्रेक घट्ट दाबून ‘डी’मध्ये पूर्ण रेस करण्याची ‘स्टॉल’ चाचणी काही मिस्त्री सुचवितात. तीत काही सेकंदांत तेलाचे तापमान झपाट्याने वाढते आणि ब्रेक सुटल्यास अपघात होऊ शकतो. ती मालकाने स्वतः करू नये.

घाट आणि उष्णता

वाईपासून पाचगणीपर्यंतच्या सुमारे बारा किलोमीटरमध्ये रस्ता जवळपास सहाशे मीटर उंची चढतो. कऱ्हाड-चिपळूण मार्गावरील कुंभार्ली, महाबळेश्वरखालचा आंबेनळी आणि साताऱ्याहून कासकडे जाणारा यवतेश्वर घाट हेही जुन्या गिअरबॉक्सची अशीच परीक्षा पाहतात. कमी वेग आणि जास्त ओढ अशा स्थितीत टॉर्क कन्व्हर्टरमधील दोन पंख्यांच्या फेऱ्यांत मोठे अंतर पडते. या घसरणीतून वाया गेलेली ताकद तेलाची उष्णता बनते. साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखाने काम करणारे तेल १२० अंशांच्या पुढे गेले, की त्याचे आयुष्य वेगाने घटते. साहजिकच सपाटीवर लपलेला दोष घाटात उघड होतो.

चढावर गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सारखी वर-खाली करीत असेल, तर तो दोष नव्हे. ‘ओव्हरड्राईव्ह ऑफ’चे बटण दाबावे किंवा दांडा खालच्या स्थितीत आणावा, एएमटीत हाताने गिअर निवडण्याची सोय वापरावी. चढावर वाहतूक थांबली असता गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरणे ही सर्वांत महागडी सवय होय. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये त्याने तेल तापते. एएमटी आणि कोरड्या दोन क्लचच्या गाडीत प्रत्यक्ष क्लच जळतो. थांबताना ब्रेक, निघताना हँडब्रेक, हाच नियम पाळावा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे मैलोन्‌मैल रांगताना तर तो विशेष लक्षात ठेवावा. पुढील वाहन थोडे दूर जाऊ द्यावे आणि मगच क्लच पूर्ण पकडेल एवढ्या वेगाने निघावे.

उतारावर ‘एन’ टाकून पेट्रोल वाचविण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनाची रोखण्याची ताकद जाते, सगळा भार ब्रेकवर पडतो आणि पुन्हा ‘डी’ टाकताना क्लचला झटका बसतो. गाडी पूर्ण थांबल्याखेरीज ‘आर’ किंवा ‘पी’ टाकू नये. तेल तापल्याचा इशारा दिवा लागल्यास गाडी बाजूला घेऊन ‘पी’मध्ये ठेवावी आणि इंजिन काही वेळ तसेच चालू द्यावे. इंजिन चालू असेल, तरच पंप तेल कूलरमधून फिरवितो. मात्र इंजिनही तापले असेल किंवा तेल गळत असेल, तर ते तत्काळ बंद करणे भाग आहे.

महामार्गावर गाडी बंदच पडली, तर दोरी बांधून ओढणे टाळावे. इंजिन बंद असताना पंप चालत नाही. चाके मात्र गिअरबॉक्सचे भाग फिरवीत राहतात आणि ते कोरडे घासले जातात. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी पुढची चाके उचलून किंवा संपूर्ण गाडी वाहनावर चढवूनच न्यावी. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी ढकलून सुरूही होत नाही.

महापुरात बुडालेल्या गाड्या

सांगलीत या विषयाला एक वेगळे परिमाण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्येही शहराच्या अनेक भागांत पाणी शिरले. अशा पुरात पाण्याखाली राहिलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या बारीक छिद्रातून पाणी आत जाऊ शकते. क्लचच्या चकत्यांवरील घर्षणाचा थर कागदासारख्या पदार्थाचा असून तो चिकटविलेला असतो. पाण्याने तो फुगतो, सुटतो, बेअरिंग गंजतात. गाडी वाळवून, इंजिनाचे तेल बदलून ती सुरू केली जाते, काही महिने बरी चालते आणि मग गिअर घसरू लागतात.

म्हणूनच पुरात बुडालेली ऑटोमॅटिक गाडी सुरू करण्यापूर्वी गिअरबॉक्सचे तेल काढून पाहिले पाहिजे. ते दुधाळ असेल, तर कोणताही गिअर टाकू नये. गाडी उचलूनच वर्कशॉपला न्यावी. विम्याच्या पॉलिसीत पाण्यामुळे होणाऱ्या इंजिन व गिअरबॉक्सच्या हानीचे जादा संरक्षण घेतले आहे का, हेही तेव्हाच पाहावे. गाडी सुरू केल्याने वाढलेल्या नुकसानीवरून दावा अडू शकतो.

पूर आलेला नसतानाही तेल दुधाळ झाले, तर रेडिएटर तपासावा. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो फुटला, की कूलंट तेलात मिसळते. येथे रेडिएटर बदलून न थांबता गिअरबॉक्सही तातडीने धुऊन घ्यावा लागतो.

जुने तेल बदलावे का?

‘इतकी वर्षे बदलले नाही, आता बदलले तर गिअरबॉक्स बसेल,’ हा समज गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतो. त्यात तथ्याचा अंश आहे. पण कारण उलटे लावले जाते. चकत्या आधीच जळालेल्या असतील, तर नवे तेल त्यांना वाचवू शकत नाही. गाडी घसरू लागल्यावर शेवटचा उपाय म्हणून तेल बदलले जाते आणि पुढे पेटी बसली, की दोष तेलाच्या माथी येतो. घसरण सुरू झालेली नसेल आणि तेलाला करपट वास नसेल, तर ते बदलणे हिताचेच आहे.

मात्र यंत्र लावून दाबाने सारे तेल एकदम धुऊन काढण्याऐवजी जुन्या गाडीत खालील बोल्ट काढून तेल सोडणे आणि तेवढेच नवे भरणे, ही पद्धत सौम्य ठरते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेच तेल अडकून राहत असल्याने एका खेपेस साधारण एक तृतीयांश ते निम्मेच बदलते. म्हणून काही शे किलोमीटरच्या अंतराने हे दोन-तीनदा करावे. तळपेटी निघत असेल, तर तिच्यातील चुंबक पाहावे. त्यावर बारीक करडा लेप असणे वयाला धरून आहे. धातूचे तुकडे किंवा कपच्या आढळल्या, तर आतील भाग तुटत आहेत.

तेल कंपनीने सांगितलेल्या मानकाचेच हवे. ह्युंदाई आय-१० ला ‘एसपी-३’, होंडाच्या पाच गिअरच्या सिटीला ‘झेड-१’ किंवा त्याची जागा घेतलेले ‘डीडब्ल्यू-१’. ‘सगळ्यांना चालते’ असे सांगितले जाणारे तेल सीव्हीटीत घालणे तर धोक्याचे आहे. तेथे पट्टा आणि पुली यांची पकडच तेलाच्या गुणधर्मावर अवलंबून असते. एएमटीत दोन तेले असतात, एक गिअरचे आणि दुसरे क्लच दाबणाऱ्या यंत्रणेचे. शिवाय एएमटीची क्लचप्लेट बदलल्यानंतर ती नेमकी कुठे पकडते, हे संगणकाला स्कॅनरद्वारे पुन्हा शिकवावे लागते. ही पायरी गाळल्यास नवी क्लचप्लेट टाकूनही गाडी झटके देत राहते आणि मालकाला फसविले गेल्यासारखे वाटते.

दुरुस्ती की निरोप?

तेल, वीज, सेन्सर, व्हॉल्व्ह बॉडी हे सारे तपासूनही क्लच घसरत असतील, तर पेटी उघडण्यास पर्याय नाही. त्यावेळी तीन गोष्टींचा हिशेब करावा. पहिली, गाडीचे वय. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करावे लागते. ती मुदत जवळ आली असेल, तर तो खर्चही धरावा. दुसरी, सुटे भाग. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबविली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. अशा गाड्यांचे गिअरबॉक्सचे भाग मिळण्याची खात्री काम सुरू होण्यापूर्वीच करून घ्यावी. तिसरी, दुरुस्तीची हमी. भंगारातून आणलेली जुनी पेटी बसविणे स्वस्त वाटते, परंतु ती किती चालली, कोणत्या पाण्यातून आली, हे सांगणारा कोणी नसतो. ती घेण्यापूर्वी तिच्यातील तेल आणि चुंबक पाहण्याचा आग्रह धरावा व हमी लेखी घ्यावी.

वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्यांनी इंजिन थंड असतानाच पाहणी सुरू करावी. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. ‘डी’ व ‘आर’ पकडण्यास लागणारा वेळ, सपाटीवरील गिअरबदल आणि त्यानंतर एखादा खरा चढ, एवढे पाहिल्याखेरीज इसार देऊ नये. सातारकरांना चढासाठी दूर जावे लागत नाही. सांगलीकरांनी त्यासाठी अर्धा दिवस काढला, तरी तो वाया जाणार नाही.

तपासणीचा क्रम

* तेलाची पातळी, रंग व वास, गाडीखालील गळती.
* बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, फ्यूज व ब्रेक लाईटचा स्विच.
* इंजिनाचे प्लग व कॉईल. इंजिन आणि गिअरबॉक्सचे माऊंटिंग.
* सपाटीवरील चाचणी आणि तिची लेखी नोंद.
* स्कॅनरवरील सर्व संकेतांक. त्यानंतर संबंधित वायर, जोड व सेन्सर.
* योग्य मानकाच्या तेलाचा बदल. तळपेटीतील चुंबकाची पाहणी.
* सोलेनॉईड व व्हॉल्व्ह बॉडी.
* हे सारे झाल्यावरच पेटी उघडण्याचा निर्णय.